खाऱ्या हवेत मॅग्नेटिक लॉक बसवताना

मालवण-वेंगुर्ल्याकडे होमस्टेच्या दारांना आता मॅग्नेटिक लॉक लागू लागलंय. त्यात खिट्टी नाही, फिरणारा भाग नाही. चौकटीवर तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेलं चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज सुरू तोवर दोन्ही चिकटलेली. वीज गेली की दार मोकळं. आगीच्या वेळी हे बरंच, पण आपल्याकडे पावसात लाईट किती वेळ जाते ते ठाऊक आहेच! म्हणून बॅटरी हवीच. २८० किलो पकडीचं लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर खातं. ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी १०-१२ तास काढते.

पकड सगळी चिकटण्यावर. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी जोर झपाट्याने घसरतो. पट्टीमागचा रबरी वॉशर काढू नका आणि मधला बोल्ट करकचून आवळू नका. पट्टी बोटाने किंचित हलली पाहिजे, तरच ती चुंबकावर सपाट बसते. श्रावणात लाकडी दार फुगतं, तेव्हा हे पुन्हा तपासा.

खाऱ्या हवेने पट्टीवर तांबूस गंज धरतो. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑईलचा अगदी पातळ हात फिरवा. सँडपेपर नको, मुलामा जातो.

पॉवर सप्लाय लांब असेल तर वायर जाड घ्या: अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत ३० मीटरवर सुमारे १ व्होल्ट गळतो. आतलं एक्झिट बटण थेट लॉकचा पुरवठा तोडणारं असावं, फक्त कंट्रोलरच्या (कार्ड किंवा कोड तपासून दार उघडणाऱ्या पेटीच्या) भरवशावर नको.