टी-शर्टचा फ्रॉक शिवायला बसण्याआधी

घरात एखादा साधा, एकरंगी टी-शर्ट पडून असतोच. बाबांना आखूड झालेला, नाहीतर काकांना पोटावर ताणणारा. तीन-चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक त्यातून आरामात निघतो. नागपुरात पारा ४५च्या पुढे गेला की लेकराच्या अंगावर मऊ सुती होजियरीसारखं, म्हणजे टी-शर्टच्या विणलेल्या कापडासारखं, सुखाचं दुसरं काही नाही. शिवण फार नाही, एका दुपारीत होते. पण हे कापड ताणतं. त्यामुळे पॉपलीनच्या किंवा खणाच्या फ्रॉकची तयारी इथे पुरत नाही. मशीनचं झाकण काढण्याआधी काय हाताशी असावं आणि काय ठरलेलं असावं, ते एकेक करून सांगते.

सगळ्यात आधी टी-शर्ट. आतल्या लेबलवर १०० टक्के कॉटन लिहिलेला घ्या. लेबल गळून गेलं असेल तर काखेच्या शिलाईतली बारीकशी कातरण चिमट्यात धरून, मोरीजवळ पाण्याची बादली ठेवून, काडीने पेटवून बघा. सुती कापड कागदासारखा वास देऊन जळतं आणि भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मणी झाला तर तो टी-शर्ट उन्हाळ्याच्या फ्रॉकला घेऊ नका, लेकराला घामोळं येईल. मग तो उजेडापुढे धरा. काखेखाली आणि मागच्या मानेजवळ कापड विरलेलं असतं, तो भाग फ्रॉकच्या मधोमध येता कामा नये. जुना टी-शर्ट नव्यापेक्षा बरा, कारण जे काही आटायचं ते आटून गेलेलं असतं. बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, नवा घेतलात तर कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, उलटा करून वाळवा. हे टाळलं तर फ्रॉक पहिल्या धुण्यातच लांबीला आखडेल.

मोठ्यांच्या एम मापाच्या टी-शर्टची छाती साधारण १०० सेंमी आणि उंची ७० सेंमीच्या आसपास असते. तीन-चार वर्षांच्या मुलीला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ५५ ते ५८ सेंमी लागतात. म्हणजे कापड पुरतं, पण उधळायला उरत नाही. मूल सात-आठ वर्षांचं असेल तर एक्सएल शोधा.

मापं घेताना छाती, खांदा, मुंढा (बाही जोडायची जागा) आणि उंची तर घ्यालच. सोबत डोक्याचा घेर घ्यायला विसरू नका. कपाळावरून टेप फिरवून मागच्या उंचवट्यावरून आणा. या वयात तो जवळपास ५० सेंमी भरतो, म्हणजे छातीपेक्षा फारसा कमी नाही. गळा ताणल्यावर तेवढा उघडला पाहिजे, नाहीतर फ्रॉक सुंदर होईल आणि कानांवर अडकेल. पाठीला बटण लावून गळा मोठा करायची सवय आपल्याकडे आहे. लहान लेकराच्या कपड्याला मी ती टाळायला सांगेन. बटण सैल झालं की तोंडात जातं. गळ्याशी नाडी तर नकोच, ती झोक्यात, घसरगुंडीत अडकते. होजियरी आहे, ती स्वतः ताणते, तिच्यावर भरवसा ठेवा.

बाकीचं माप अंगापेक्षा अंगाला नीट बसणाऱ्या जुन्या फ्रॉकवरून चांगलं येतं. तो फ्रॉक मधोमध दुमडा, वर्तमानपत्रावर पसरा, पेन्सिलने कड आखा आणि बाजूंना एक-एक सेंमी माया, म्हणजे शिलाईसाठी जास्तीची जागा, सोडून कापा. छातीला अंगापेक्षा सहा-सात सेंमी सैल ठेवा, खाली घेर वाढवत न्या. बाहेरगावी टी-शर्टचे कपडे अंगाला चिकटलेले शिवतात, आपल्याकडे वारा खेळला पाहिजे. हे काम कूलरसमोर करू नका. ओल्या वाऱ्याने कागद लुळा पडतो, उडतो आणि आखलेली रेघ सरकते. सकाळी, कूलर लावण्याआधी आखणी-कापणी उरकून घ्या, इस्त्रीही तेव्हाच.

कागद टी-शर्टवर कसा ठेवायचा, हे कात्री लागण्याआधी ठरवा. फ्रॉकची खालची कड टी-शर्टच्या खालच्या कडेवरच येऊ द्या. ती दुहेरी टीप कारखान्यात घातलेली असते, घरच्या मशीनवर तशी येत नाही, मग ती फुकट का घालवायची? बाह्यांचंही तेच. टी-शर्टच्या बाहीची दुमडलेली कड ठेवून तिच्यातूनच छोटी बाही काढा. टी-शर्टचा गळा मात्र सोडून द्या, तो लेकराच्या खांद्यावरून घसरेल. कागदाची मधली रेघ कापडातल्या उभ्या ओळीवर ठेवा. डोळ्याजवळ नेऊन पाहिलं तर सुलट बाजूला बारीक वेण्यांसारख्या उभ्या ओळी दिसतात आणि उलट बाजूला आडवे ठिपके. ओळ तिरकी गेली की चार धुण्यांत फ्रॉकची बाजूची शिलाई पोटावर फिरून येते. सुलट-उलट ओळखायला अजून एक खूण आहे: आडवी कापलेली कड दोन्ही हातांनी ताणा, ती सुलट बाजूकडे गुंडाळते.

आता सुई, आणि इथे कंजुषी नको. नेहमीची टोकदार सुई होजियरीचे फासे फोडते. आधी काही दिसत नाही, धुतल्यावर शिलाईशेजारी बारीक भोकं पडतात आणि तिथून ओळ उसवत जाते. बॉलपॉइंट सुई मागा, तिचं टोक किंचित गोल असतं आणि ती धागा न तोडता बाजूला सारून आत जाते. पातळ टी-शर्टला ११ नंबर, जाडाला १४. घरच्या काळ्या मशीनला आणि बहुतेक घरगुती मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते, कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची बसत नाही. जुनी सुई पुडीत बांधून सोबत न्या. नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारात किंवा कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये जाताना टी-शर्टची कातरणही न्या, धाग्याचा रंग दिव्याखाली नाही, दाराशी उजेडात जुळवा. धागा पॉलिस्टरचाच घ्या. सुती रीळ कापडासोबत ताणत नाही, मूल हात वर करतं आणि काखेत कटकन तुटतं. बॉबिनमध्येही तोच धागा भरा.

मशीनला झिगझॅग (नागमोडी टीप) असेल तर काम सोपं, अगदी अरुंद झिगझॅग लावा. नुसती सरळ टीप असेल तरी अडत नाही. टाका अडीच मिलिमीटरचा ठेवा, शिवताना कापड पुढून-मागून हलकंसं ताणून धरा आणि मायेत एक दुसरी टीप मारा. मशीनचा कापड दाबणारा पाय ज्या दांडीला असतो, तिच्या वरचा स्क्रू थोडा सैल केला की पायाचा दाब कमी होतो. दाब जास्त असेल तर कड लाटांसारखी होते. हे सगळं उरलेल्या तुकड्यावर आधी चालवून बघा. टीप घातलेला तुकडा दोन्ही हातांनी जोरात ताणा: टाके तुटले नाहीत, सुटले नाहीत, तरच पुढे जा.

टाचण्या बारीक असाव्यात आणि मायेतच टोचाव्यात. कात्री धारदार हवी, कागद कापायची वेगळी. टेलरचा खडू, टेप, उसवायला छोटं पातं, इस्त्री, एवढं पुरे. यात एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे खांद्यासाठी अर्धा सेंमी रुंदीची सुती फीत. खांद्याच्या शिलाईत ती धरून शिवली की खांदा लोंबत नाही. काखेच्या आणि बाजूच्या शिलाईत फीत नको, तिथे कापडाला हलू द्यायचं आहे.

गळ्याची पट्टी उरलेल्या पाठीतून काढा, आडव्या ताणाच्या दिशेने, चार सेंमी रुंद. गळ्याच्या घेरापेक्षा ती पंधरा टक्के आखूड असावी: घेर ४८ असेल तर ४१ अधिक जोडाचा एक सेंमी. तेवढी आखूड असली म्हणजे ताणून लावल्यावर गळा छातीवर नीट बसतो.

तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, शिवत असाल आणि पुढच्या भागावर बैलजोडी किंवा नाव भरायचं असेल, तर ते बाजू शिवण्याआधी, कापड सपाट असताना करा. नक्षीच्या मागे पातळ कागद लावा, काम झाल्यावर फाडून टाका. उलट बाजूच्या गाठी लेकराच्या पोटाला टोचतात, त्यावर मऊ कापडाचा तुकडा शिवून घ्या.

शेवटी खांदा आणि बाजू हाताने कच्च्या टाक्यांनी जोडून एकदा अंगात घालून बघा. मूल जागं, पोट भरलेलं आणि खेळायच्या मूडमध्ये असेल अशी वेळ निवडा. दोन्ही हात वर करायला सांगा, खाली बसायला सांगा, गळा दोनदा काढ-घाल करा. कुठे ओढलं गेलं तर खडूची खूण करा आणि मगच मशीनला धागा लावा.