गावच्या रस्त्याचा हिशोब मागायचाय? मग आधी हे वाचा

आपल्याकडं सातारा-सांगलीला कुणी रस्त्याचा नाहीतर पाणी योजनेचा हिशोब मागितला की एक टोमणा हमखास येतो, "तिकडं बॉर्डरवर पोरं उभी आहेत आणि तुला गटाराचं पडलंय." आता ज्यांची पोरं खरंच बॉर्डरवर आहेत त्यांच्याच दारात पाणी तुंबलेलं असतं ही गोष्ट वेगळी. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेला हा भाग, इथं फौज हा घरातला विषय आहे, त्यामुळं देशाच्या नावानं कुणाला गप्प बसवायचं असेल तर जरा जपून. आणि तरीही कोण म्हणालाच तर देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांचं नाव घ्या. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या तेव्हा ते मुख्यमंत्री, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनच्या युद्धाच्या धामधुमीत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. गावचा कारभार आणि देशाचं संरक्षण, एकाच माणसानं एकाच वर्षात दोन्ही बघितलं, तर आपण एक ग्रामसभा बघायला काय हरकत आहे.

तर सुरुवात ग्रामसभेपासूनच करायची. वर्षाला किमान चार व्हायला पाहिजेत, बहुतेक गावात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर याच्या आगेमागे होतात. शिरवळ नाहीतर कुपवाडला कंपनीत जाणाऱ्यांनी शिफ्टचं कारण सांगू नका, यातले बरेच दिवस सुट्टीचेच असतात. कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि खरी मेख इथंच आहे, तहकूब झालेली सभा परत घेतली की तिला कोरम लागत नाही, म्हणजे पारावरची दहा डोकी गावचे विषय मंजूर करून मोकळी. "आपल्याला कुणी विचारलंच नाही" म्हणणारे त्या दिवशी कुठं असतात हे मी वेगळं सांगत नाही. बायकांची महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, तिथं पाण्याचा विषय घेतला तर जास्त जोर येतो असं माझं मत आहे कारण हंडा कुणाच्या डोक्यावर असतो ते सगळ्यांना माहितीय.

जायच्या आधी मोबाईलवर सरकारचं ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडून आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च बघून घ्या, कोणत्या वर्षी कुठल्या कामाला किती धरलेत ते त्यात दिसतं. मग सभेत भाषण नको. एकच काम धरायचं आणि तीनच गोष्टी विचारायच्या, अंदाजपत्रक किती रकमेचं, पैसे कुठल्या योजनेतले, बिल किती निघालं. उत्तर मिळो न मिळो, "हे प्रोसिडिंगला घ्या", म्हणजे सभेच्या इतिवृत्तात लिहा, म्हणायचं आणि लिहून होईपर्यंत उठायचं नाही. तोंडी झालेलं सगळं वाऱ्यावर जातं. विषय आधीच लेखी देऊन पोच घेतली असेल तर अजून बरं.

तिथं टोलवाटोलवी झाली की माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा. त्यासाठी जोडपत्र अ चा नमुना घ्या, 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखला जोडायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द हा नियम आहे म्हणून रस्ता, शाळा, दिवाबत्ती सगळं एकात कोंबू नका. सगळ्यात जास्त अर्ज वाया जातात ते "रस्ता निकृष्ट का झाला?" असं विचारल्यामुळं, का ला उत्तर द्यायला कुणी बांधील नाही, कागद द्यायला बांधील आहे. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, अदा केलेली बिलं, काम पूर्णत्वाचा दाखला. यात एमबी सगळ्यात महत्त्वाची. किती लांबी, किती रुंदी, किती जाडी मोजून बिल काढलं ते त्यात असतं, आणि टेप घेऊन तुम्हीही ते मोजू शकता. याच कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कसुद्धा दिलाय, हे फार लोकांना माहितीच नसतं.

आता ते सुरक्षेचं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्ये देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती नाकारता येते, बरोबरच आहे ते. आयबी, रॉ, बीएसएफ, सीआरपीएफ अशा गुप्तचर आणि निमलष्करी संस्थांना तर कायदाच मोठ्या प्रमाणात लागू नाही, भ्रष्टाचार आणि मानवी हक्काचे आरोप सोडून. पण लष्कर त्या यादीत नाही, त्यामुळं फौजीच्या पेन्शनचे कागद मागता येतात, फक्त आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, काम तिथंच झालं तर अर्जाची भानगडच नको. आणि तुमच्या वाडीचा काँक्रीट रस्ता कुठल्याच अंगानं राष्ट्रीय सुरक्षेत बसत नाही. कुणी तसं म्हणालं तर कलम लिहून लेखी द्या म्हणावं.

कंपनीतल्या कामगारांसाठी थोडं वेगळं आहे, खाजगी कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. पण कामगार आयुक्त किंवा पीएफ ऑफिसकडं जी माहिती असते ती तिथं मागता येते, ठेकेदाराचं लायसन वगैरे. आपला पीएफ भरला का हे तर उमंग ॲपवरच दिसतं.

एक सांभाळायचं, एकट्यानं पुढं होऊ नका. चार-पाच घरांनी मिळून करा, त्यात वेगवेगळ्या पार्टीचे असतील तर उत्तमच. निवडणुकीच्या तोंडावर अर्ज टाकला की समोरच्या पॅनेलनं टाकायला लावलाय म्हणून उडवून लावतात, तेव्हा निवडणूक लांब असताना विचारा.

अर्जाला 30 दिवसात उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर त्यापुढच्या 30 दिवसात जोडपत्र ब मध्ये पहिलं अपील, 20 रुपयाचा स्टॅम्प. तिथंही नाही झालं तर 90 दिवसात राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो, पण आयोगाकडं नंबर लागायला वेळ जातो, हे धरूनच चाला. तोपर्यंत प्रत्येक ग्रामसभेला तोच विषय पोचेच्या झेरॉक्ससकट परत द्यायचा आणि परत प्रोसिडिंगला घ्यायला लावायचा.