हिवाळ्यात खाडीत कॅनू वल्हवायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत कोकणातल्या नद्या इतक्या संथ दिसतात, की मित्रांना गोळा करावं, डबे घ्यावेत आणि वाटेल तेव्हा होडी लोटावी असं वाटतं. पण कर्ली असो, काजळी असो की शास्त्री, खालच्या टप्प्यात ती खाडी असते आणि तिथलं पाणी समुद्राच्या वेळेनं चालतं. बहुतेकांचे हाल होतात ते इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरती-ओहोटी न बघता निघणं. ओहोटीबरोबर मजेत खाली जायचं आणि येताना त्याच पाण्याविरुद्ध दंड भरून येईस्तोवर वल्हवायचं. हे उलट करा: भरती चढत असताना वर जा, ओहोटी लागली की परता. वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वादशीला ती नऊच्या सुमारास येते, म्हणजे सव्वासातला निघालात तर जाताना भरती आणि येताना ओहोटी तुमच्या बाजूची. अष्टमीला सहालाच भरती पूर्ण होते आणि दुपारी बारापर्यंत पाणी उतरतच राहतं. त्या सकाळी वर जायचा बेत करूच नका. खाडीत आत भरती मुखापेक्षा उशिरा पोचते, तेवढी सूट धरा आणि भरतीचं कोष्टकही पडताळून बघा. नवख्यांनी मुखाजवळ जाऊ नये. ओहोटी तिथे थेट समुद्राकडे ओढते.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ वाढते आणि सुकतीला पाणी फार मागे हटतं. खारफुटीतल्या अरुंद फाट्यात डबे उघडून बसलेली मंडळी मग चिखलात रुततात. उतरून ढकलायला गेलात तर पाय खोल जातो आणि कालवांच्या शिंपा तळवा कापतात. पायात घट्ट बसणारे बूट हवेतच. रुतलातच तर होडीत बसून राहा, पुढची भरती उचलेल. म्हणून पिण्याचं पाणी गरजेपेक्षा जास्त घ्या.

सकाळचा मतलई वारा हलका असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो ओहोटीच्या समोर आला की लाटा उठतात, उघडी कॅनू पाणी घेते. अकरापर्यंत काठाला लागा.

होडी गोल फिरते? जड माणूस मागे बसवा, दोघांनी विरुद्ध बाजूंनी वल्हवा. पुढच्यानं ताल धरायचा, दिशा मागच्याची: वल्हं मारून झालं की पातं होडीपासून किंचित बाहेर ढकलायचं.

लाइफ जॅकेट बसायला अंथरू नका. अंगात घाला, पट्टे आवळा.

वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत, हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडतात. तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. शंका असेल तर मी तरी दुसरीच नदी निवडीन. वाशिष्ठीच्या वरच्या भागात कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी चढते.

होडी उलटलीच तर ती सोडून काठाकडे पोहू नका, धरून राहा. प्रवाह येतो त्या बाजूला राहा, नाहीतर पाण्यानं भरलेली कॅनू तुम्हाला खडकावर दाबेल. आधी माणसं मोजा, दुसऱ्या होडीला हाका मारा. वल्ही आणि डबे नंतर.