साप्पोरोत ऑफिस थाटताय? या चुका टाळा

टोकियोला मोठा धक्का बसला तर काम कुठून चालवायचं? जपानमध्ये या प्रश्नावर साप्पोरोचं नाव हमखास निघतं, आणि ते रास्तच आहे. टोकियोपासून सरळ रेषेत सुमारे 830 किलोमीटर, म्हणजे दोन्ही शहरं एकाच भूकंपात सापडणं अवघड. वस्ती साडेएकोणीस लाखांच्या घरात, त्यामुळे माणसं मिळतात. जानेवारीचं सरासरी तापमान उणे 3.2 अंश, म्हणून सर्व्हर थंड ठेवायला हिवाळ्यात बाहेरची हवा पुरते. चूक होते ती पुढे: शहर चांगलं म्हणून इमारतही चांगलीच असणार, असं धरून चालण्यात.

टक्केवारी पाहून निश्चिंत होणं

2020 च्या राष्ट्रीय धोका-नकाशानुसार 30 वर्षांत जपानी मोजपट्टीवरच्या 'सहा-कमी' (उभं राहणं कठीण व्हावं इतक्या) किंवा त्याहून जास्त तीव्रतेच्या हादऱ्याची शक्यता टोकियोत 47 टक्के, साप्पोरोत 2.2 टक्के. पण तो आकडा शहरातल्या एका ठिकाणाचा. 6 सप्टेंबर 2018 च्या भूकंपात साप्पोरोच्या हिगाशी वॉर्डात 'सहा-कमी'च नोंदली गेली. कियोता वॉर्डातल्या सातोझुकात तर जमीन पातळ होऊन वाहिली, रस्ते खचले, घरं कलली. तिथे ओढ्याची घळ ज्वालामुखीच्या राखेच्या मातीने बुजवून वस्ती केली होती. पाणी धरलेली अशी सैल भर हादऱ्याने चिखल होते. आपल्याकडे किल्लारीचा भागही 1993 च्या भूकंपावेळी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता.

म्हणून करारापूर्वी तीन कागद मागा: महापालिकेचा भराव-जमिनींचा नकाशा, त्या प्लॉटचा बोअरिंग अहवाल (जमिनीत खोल भोक पाडून केलेली मातीची तपासणी) आणि बांधकाम-मंजुरीची तारीख. मंजुरी 1 जून 1981 नंतरची हवी, कारण नवे भूकंपरोधक नियम त्या दिवशी लागू झाले. इमारत कधी पूर्ण झाली हे सांगून एजंट वेळ मारून नेतात. तुम्हाला हवी आहे ती मंजुरीची तारीख.

वीज जाणार नाही असं मानणं

ही सर्वांत महागडी चूक. त्याच 2018 च्या भूकंपात पहाटे 3:07 ला धक्का बसला आणि 3:25 ला साप्पोरो ज्या बेटावर आहे ते अख्खं होक्काइडो अंधारात गेलं, सुमारे 29.5 लाख ग्राहक. तोमातो-अत्सुमा या एकाच कोळसा केंद्राची क्षमता 16.5 लाख किलोवॅट होती आणि त्या पहाटेची निम्मी वीज तिथूनच येत होती. होन्शू या जपानच्या मुख्य बेटाकडून येणाऱ्या केबलची क्षमता 6 लाख किलोवॅट होती, पण ती चालायला होक्काइडोच्या बाजूला वीज जिवंत असावी लागायची. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तीही निकामी. मार्च 2019 मध्ये दोन बेटांमधल्या समुद्राखालच्या सैकान बोगद्यातून आणखी 3 लाख किलोवॅटची, समोर वीज नसतानाही चालू होणारी केबल आली. परिस्थिती सुधारली आहे, पण जनरेटरशिवाय जाऊ नका. त्या वेळी साप्पोरोशेजारच्या इशिकारीतल्या साकुरा इंटरनेट कंपनीच्या डेटा सेंटरने सुमारे 60 तास जनरेटरवर काढले.

72 तासांचा हिशेब असा करा. 30 किलोवॅट भाराला ताशी साधारण 9 लिटर डिझेल, म्हणजे सुमारे 650 लिटर. 200 लिटर किंवा जास्त साठवलं की अग्निशमन खात्याला आधी कळवावं लागतं, 1000 लिटरपासून परवानाच लागतो. टाकीची जागा ठरवण्याआधी हे तपासा.

आता डिझेलचा ग्रेड. जपानात थंडी किती सोसतं यावरून डिझेलला नंबर असतात. उन्हाळ्यात जनरेटर बसवला, टाकी 2 नंबरच्या डिझेलने भरली आणि तसाच जानेवारी आला, तर ऐन वेळी इंजिन बंद पडतं. या ग्रेडची फिल्टर तुंबण्याची मर्यादा उणे 5 अंश, आणि साप्पोरोत जानेवारीत रात्रीचं तापमान त्याखाली उतरणं रोजचंच. डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टरवर पांढरा, मेणचट थर बसतो आणि इंजिन दोन-चार मिनिटं चालून गचकतं. 3 नंबरची मर्यादा उणे 12, 'विशेष 3'ची उणे 19. नोव्हेंबरपर्यंत जुनं इंधन वापरून संपवा, 3 नंबर भरा आणि फिल्टर बदला. चाचणी पहाटेच्या थंडीत घ्या, दुपारी घेतलेली चाचणी इथे काहीच सांगत नाही. धुराड्याचं आणि हवा आत घेण्याचं तोंड बर्फाच्या थरापेक्षा उंच ठेवा. ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो, आणि त्याने माणसं मरतात.

बर्फ महापालिका उचलेल

वर्षाला सरासरी 4.8 मीटर बर्फ पडतो. 10 सेंटीमीटरच्या आसपास ताजा थर साचला की रात्री रस्त्यांवर यंत्रं फिरतात, पण ती बर्फ कडेला सारतात. सकाळी सातला तुमच्या दारासमोर गुडघाभर कठीण ढीग असतो, आणि तो काढणं तुमचं काम. तो परत रस्त्यावर ढकलायला बंदी आहे. त्यामुळे बर्फ वाहून नेणाऱ्या ठेकेदाराशी करार बर्फ पडण्याआधीच करा, हंगाम सुरू झाला की गाड्या मिळत नाहीत.

छताचा भार विचारा. 1.4 मीटर दबलेला बर्फ म्हणजे चौरस मीटरला सुमारे 420 किलो. मुंबईच्या सवयीने पत्र्याची शेड टाकायचा विचारही करू नका.

पाण्याची लाइन गोठणं

बाहेर उणे 4 अंशाखाली गेलं आणि ऑफिस बंद असलं की नळ गोठतात. सुटीला निघताना निचरा-वॉल्व्ह बंद करा (तो बंद केला की पुरवठा थांबतो आणि पाइपातलं पाणी खाली निघून जातं), मग सगळे नळ उघडा. नळ उघडले नाहीत तर पाइपात हवा शिरत नाही आणि पाणी अडून राहतं. फ्लशची टाकी आणि गीझरही रिकामे करा. वॉल्व्ह विजेवरचा असेल तर हाताने फिरवायची सोय कुठे आहे ते आजच पाहून ठेवा, वीज गेल्यावर अंधारात शोधत बसाल.

माणसं पोचतील कशी?

6 फेब्रुवारी 2022 ला 24 तासांत 60 सेंटीमीटर बर्फ पडला आणि साप्पोरोची रेल्वे ठप्प झाली. मेट्रो बहुतांश जमिनीखालून जाते, आणि दक्षिण टोकाच्या माकोमानाईकडचा जमिनीवरचा भागही छताखाली आहे. साप्पोरो आणि ओदोरी स्टेशनांमध्ये 2011 पासून सुमारे 520 मीटरचा भुयारी पादचारी मार्ग आहे. या पट्ट्यात, स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत जागा घ्या, भाडं जास्त असलं तरी. विमानतळालगतची स्वस्त जागा बर्फाच्या दिवसांत महाग पडते: शिन-चितोसे विमानतळ साप्पोरोपासून जवळपास 50 किलोमीटरवर आहे, आणि विमानं व रेल्वे बऱ्याचदा एकाच वेळी बंद पडतात.