घरच्यांबरोबर ऑनलाइन समुपदेशन: खरी कसरत कॉल संपल्यावर असते

शांत कोपरा शोधा, पाण्याचा ग्लास जवळ ठेवा, इंटरनेट तपासून घ्या. कुटुंबाच्या ऑनलाइन समुपदेशनाबद्दल काहीही वाचायला घ्या, हेच तीन सल्ले पुढ्यात येतात. पाण्याच्या ग्लासावाचून आमचं काही अडलं नव्हतं. अडलं ते कॉल बंद केल्यावर. त्याबद्दल मात्र आम्हाला कुणी चकार शब्द सांगितला नाही.

‘स्क्रीनवर कसलं आलंय समुपदेशन’ म्हणणारेही भेटतील. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये 1959 साली दोन्ही बाजूंनी एकमेकांना बघता-ऐकता येईल अशा टीव्हीजोडणीवरून मानसोपचार दिले जात होते. त्यामुळे हे खूळ कालपरवाचं नाही, एवढं सांगून पुढे जा.

आधी माणूस निवडा. शिक्षण काय, नोंदणी आहे का आणि पूर्ण कुटुंबाबरोबर काम केलंय का, हे फोनवरच विचारा. औषधं लागतील असं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, कारण समुपदेशक औषधं लिहून देत नाहीत. ‘चार सेशनमध्ये मुलगा सुधारून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथूनच नमस्कार. घरातल्या एकाला पेशंट ठरवून बाकीच्यांनी नातेवाइकासारखं शेजारी बसायचं, हे कौटुंबिक समुपदेशन नव्हे.

पहिल्या मेसेजमध्ये ‘घरात खूप ताण आहे’ एवढंच लिहू नका. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सात ते नऊ, अभ्यासावरून आरडाओरडा होतो, असं लिहा. स्वतःबद्दलही लिहा. बेल्जियममधल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी सहकाऱ्यांसोबत 2018 मध्ये पालकांच्या दमणुकीची प्रश्नावली मांडली. तिच्यात चार गोष्टी तपासतात: टोकाचा थकवा, ‘मी आधी अशी नव्हते’ ही टोचणी, पालकपणाचा वीट आणि मुलांपासून मनाने तुटत जाणं. मी थकव्याबद्दल लिहिलं आणि वीट लपवला. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यात दोन सेशन फुकट गेली.

बसायची व्यवस्था सोपी आहे. एकत्र सेशनला एकच कॅमेरा, तोही एवढा लांब की सगळ्यांचे चेहरे दिसतील. एकट्याच्या सेशनला हेडफोन लावा. पण त्याने समोरच्याचा आवाज अडतो, तुमचा दाराखालून बाहेर जातोच. तेवढा वेळ बाकीच्यांना घराबाहेर धाडा. कॉल तुटला तर कोण कुणाला फोन करणार, हे आधीच ठरवा. समुपदेशक तुमचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर मागतील. तो द्या, अडीअडचणीला मदत पाठवायची तर त्यांना ठिकाण माहीत हवं.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेऊ नका. घरात कुणी कुणाला घाबरत असेल, हात उचलला जात असेल, तर एकत्र सेशन घ्यायचं नाही. कॅमेऱ्यासमोर खरं बोललेल्याला नंतर त्याच घरात राहायचं असतं. समुपदेशकांना हे एकट्याने, आधी सांगा. आणि जिवाला धोका असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता तातडीची सेवा गाठा.

आता कॉल संपल्यानंतरचं.

आमचं तिसरं सेशन. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. बराच वेळ सोफ्याचा दोरा उसवत बसला होता, आणि शेवटी म्हणाला, “कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की मी कानात इअरफोन घालतो.” पुढे कुणी काही बोलणार तोवर वेळ संपली. पुढची तारीख ठरली, नवऱ्याने लॅपटॉप मिटला. आणि आम्ही तिघं त्याच सोफ्यावर, गुडघ्याला गुडघा लागलेला. “म्हणजे मी राक्षस आहे का या घरात?” नवरा म्हणाला. मी लगेच मुलाची बाजू घेतली. मग जे व्हायचं ते झालं. पुढची दोन सेशन मुलगा “ठीक आहे” याच्या पलीकडे एक अक्षर बोलला नाही.

प्रत्यक्ष भेटीला जाता तेव्हा परतीचा रस्ता असतो. जिने उतरताना, गाडीच्या खिडकीतून बाहेर बघताना मनातलं निम्मं खाली बसतं. ऑनलाइनमध्ये एक बटण दाबलं की तुम्ही थेट भांडणाच्या जागी. मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणाबद्दल लिहिलंय: दोघांतला ताण सोसेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. लॅपटॉप मिटेपर्यंत ती तिसरी जागा समुपदेशकांनी सांभाळलेली असते. त्या गेल्या की तिथे कोण सापडतं? पोर.

म्हणून परतीचा रस्ता स्वतः तयार करायचा. पन्नास मिनिटांचं सेशन असेल तर चाळिसाव्या मिनिटानंतर नवा विषय काढायचा नाही, आणि उरलेल्या वेळात आवराआवर करायची, असं समुपदेशकांना स्पष्ट सांगा. सांगायला संकोच वाटतो, मलाही वाटला. शेवटच्या क्षणी कुणी मोठं काही बोलून गेलंच, तर ‘पुढच्या वेळी सुरुवात इथूनच’ एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

कॉल संपला की वीस मिनिटं सगळे वेगळे. एक गच्चीवर, एक चालायला, एक आपल्या खोलीत. कोण कुठे जाणार हे सेशनच्या आधी ठरलेलं हवं. ठरलेलं नसेल तर उठून जाणारा माणूस ‘रागावून निघून गेला’ ठरतो आणि त्यावरून नवं भांडण उभं राहतं. कॉल बंद करायचं बटण आमच्याकडे मुलगा दाबतो. ही त्याचीच अट होती.

‘सेशननंतर लगेच मोकळेपणाने चर्चा करा’ असा सल्ला सर्रास देतात. अजिबात करू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत तो विषय बंद. मुलाला ‘असं का बोललास’ विचारायचं नाही. ‘किती छान बोललास’ असंही म्हणायचं नाही. त्यालाही कळतं की आपल्याला मार्क दिले जातायत. आणि पुढे कधी भांडणात ‘तूच तर मॅडमना सांगितलंस’ हे वाक्य काढलंत, तर ते मूल त्या स्क्रीनसमोर पुन्हा खरं बोलेल ही आशा सोडा. पोटात फारच खदखदत असेल तर फोनवर टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी वाचून दाखवा. माझ्या टिपणांतली निम्मी वाक्यं आठवड्याने वाचताना मलाच परकी वाटायची.

एवढं करूनही ठिणगी पडली तर ते समुपदेशकांपासून लपवू नका. आमचं भांडण मी दोन सेशन झाकून ठेवलं, घरची अब्रू वगैरे. सांगितलं तेव्हा त्यांनी दहा मिनिटांत पद्धत बदलली: आधी मुलाबरोबर एकट्याने, मग आम्हा दोघांबरोबर, आणि शेवटची पंधरा मिनिटं सगळे.

वेळ निवडताना झोपायच्या आधीची किंवा ऑफिसच्या दोन मीटिंगांमधली नको. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पूर्ण वेळ स्क्रीनसमोर बसवू नका, त्या वयात काम मुख्यतः पालकांबरोबरच होतं. रेकॉर्डिंग सगळ्यांच्या संमतीशिवाय नाही.

चार-पाच सेशननंतरही एकालाच सतत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत असेल तर ते तोंडावर बोला. तरीही फरक पडला नाही तर समुपदेशक बदला. मात्र नोंदी नव्या माणसाकडे पाठवायला सांगा, कारण तीच कहाणी पहिल्यापासून सांगायला मोठी माणसं कंटाळतात आणि मुलं साफ नकार देतात.