इन्शुलिन बदलताना आधी सिरिंज तपासा

नवं इन्शुलिन डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि घरात ग्लुकोमीटर व पुरेशा पट्ट्या आहेत, असं धरून चालू. केमिस्टने "हेही तेच आहे" म्हणत हातात दिलेलं वेगळं खोकं मात्र परत करा. 30/70 आणि 50/50 (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्शुलिनची वेगवेगळ्या प्रमाणातली मिश्रणं) यांची खोकी दिसायला सारखी असतात, काम सारखं नसतं.

डॉक्टरांकडून निघण्याआधी नाव, युनिट आणि वेळ यांच्या जोडीला जुन्याचा शेवटचा डोस कधी घ्यायचा तेही चिठ्ठीवर लिहून घ्या. हे विचारायचं राहून गेलं की पहिल्याच रात्री दोन्ही घेतली जातात. सकाळ-रात्र एनपीएच (मध्यम काळ टिकणारं दुधाळ इन्शुलिन) घेणारा माणूस रात्रीच्या ग्लार्जिनवर (दिवसभर पुरणारं इन्शुलिन) जातो, तेव्हा साधारणपणे सकाळचं एनपीएच शेवटचं असतं. रात्रीच्या एनपीएचऐवजी ग्लार्जिन येतं आणि दिवसभराचा एकूण आकडा सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे 14 अधिक 10 असे 24 युनिट असतील, तर सुरुवात 19 च्या आसपास. एका मिलीत 300 युनिट असलेल्या ग्लार्जिनवरून 100 युनिटवाल्यावर येतानाही तशीच घट करतात. चिठ्ठीवर जुनाच आकडा दिसला तर विचारा, भिडेखातर गप्प बसू नका.

आता खरी गोची. आपल्याकडे मानवी इन्शुलिनची बाटली बहुधा 40 ची असते, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. पेनचं कार्ट्रिज 100 चं. यावरून "पेनमधलं अडीचपट कडक, म्हणून डोस अडीचने भागा" असा सल्ला अजूनही दिला जातो. तो साफ चूक आहे. युनिट हे औषधाचं माप आहे, द्रवाचं नाही. 20 युनिट बाटलीतून अर्धा मिली भरतात, पेनमधून 0.2 मिली. द्रव कमी जातो, औषध तेवढंच. डॉक्टरांनी 20 सांगितले असतील तर पेनवर 20 च फिरवा.

भागाकार करावा लागत नाही, पण सिरिंज बाटलीच्या आकड्याचीच हवी. लाल टोपीची 40 साठी, नारिंगी टोपीची 100 साठी. ग्लार्जिनच्या काही बाटल्या 100 च्या असतात. त्यातून लाल टोपीच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात 50 युनिट जातात. हा डोस जिवावर बेतू शकतो. उलट, 40 च्या बाटलीतून नारिंगी टोपीने 20 भरले तर जातात फक्त 8. ही चूक जास्त कपटी, कारण लगेच काहीच होत नाही. शुगर चढते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि मग कोणीतरी योग्य सिरिंज आणतं, की वाढवलेला डोस पूर्ण अंगात जातो. टोपीच्या रंगावर विसंबू नका, सिरिंजवर छापलेला आकडा वाचा. जुन्या प्रकारच्या सिरिंज घरात ठेवूच नका. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढणं तर अजिबात नको.

वेळही बदलते. मानवी रेग्युलर किंवा 30/70 जेवणाआधी अर्धा तास. अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो ही झटपट काम करणारी इन्शुलिनं आणि त्यांची मिश्रणं ताट वाढल्यावर. जुन्या सवयीने अर्धा तास आधी टोचलं की पोळी येईपर्यंत हात थरथरू लागतात.

दुधाळ इन्शुलिन तळहातांत दहा वेळा फिरवा, दहा वेळा उलटसुलट करा, हलवून फेस आणू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छच हवं आणि ते दुसऱ्या इन्शुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये भरायचं नाही. पेनला दर वेळी नवी सुई, आधी 2 युनिट हवेत सोडा, टोचल्यावर दहापर्यंत मोजा.

गाठी आलेल्या जागी टोचत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. चांगल्या जागी तोच डोस जास्त काम करतो, आणि दोष नव्या इन्शुलिनवर येतो.

पहिले दोन आठवडे उपाशीपोटी व जेवणाआधी शुगर बघा, एक-दोनदा पहाटे तीनलाही. एका आकड्यावरून डोस वाढवू नका. 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आठवड्यात दोनदा शुगर अशी उतरली तर पुढचा डोस टोचण्याआधी डॉक्टरांना फोन करा. टाइप 1 मधुमेह (शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच होत नाही तो) असेल तर नवं मिळेपर्यंत इन्शुलिन बंद ठेवायचं नाही, एक दिवससुद्धा.