जुनी १०० सीसी गाडी: 'इंजिन उघडा' म्हणण्याआधी या चुका टाळा

१९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर आणि २००१ ची पॅशन. नावं वेगळी असली तरी आतलं यंत्र एकाच घराण्यातलं: ९७.२ सीसी, ५० मि.मी. बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास), ४९.५ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची धाव), सिलिंडर जवळजवळ आडवा. आजही दुधाच्या कॅनपासून खताच्या गोणीपर्यंत सगळं या गाड्या वाहतात. हे इंजिन कमकुवत म्हणून सहसा बसत नाही. ऑइल कमी पडतं, इंजिनच्या डोक्यात (हेडमध्ये) आवाज येतो, आवाज बंद करायला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू, आवळले जातात, त्यामुळे व्हॉल्व्ह जळतो, आणि शेवटी 'पिस्टनच्या रिंगा गेल्या' म्हणून हाफ इंजिनचं, म्हणजे हेड आणि ब्लॉकचं, काम निघतं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या रिंगा ठीकच असतात.

ऑइल बदलतो, पण पातळी बघत नाही

या इंजिनात ऑइल बदलताना साधारण ९०० मि.ली. जातं. नव्या गाडीला दोन बदलांच्या मध्ये पाहिलं नाही तरी चालून जातं. वीस वर्षांची गाडी ऑइल खाते. दर ५०० किलोमीटरला १०० मि.ली. खाणाऱ्या गाडीत २००० किलोमीटरनंतर ५०० मि.ली.च उरतं. बाहेर गळती दिसत नाही, धूरही डोळ्यांत भरत नाही, आणि मालक मात्र 'ऑइल वेळेवर बदलतो' म्हणून निश्चिंत.

पातळी पाहण्यातही चूक होते. गाडी सपाट जागी मेन स्टँडला लावा, दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, बंद करून तितकाच वेळ थांबा. मग डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) पुसून भोकात नुसती टेकवा, आटे फिरवू नका. आटे बसवून पाहिलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे. पेट्रोल रात्रभर इंजिनात उतरून ऑइल पातळ करतं. नीडल बदला, आणि तोवर रात्री पेट्रोल कॉक बंद ठेवा.

ग्रेड १०डब्ल्यू३०, डब्यावर 'जासो एमए' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल नको, कारण या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरायला लागतो. आवाज दबावा म्हणून २०डब्ल्यू५० भरण्याची खोडही सोडा. जाड ऑइल गार इंजिनात डोक्यापर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज नेमकी त्याच वेळेत होते.

या इंजिनांना कागदी ऑइल फिल्टर नसतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. उजव्या कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो आणि तळाशी एक जाळी. गाळ फिरत्या वाटीच्या कडेला चिकटत जातो. दर १२,००० किलोमीटरला कव्हर उघडून तो काढायचा असतो; जुनी विकत घेतलेली गाडी असेल तर किलोमीटर न मोजता लगेच. गाळ कापडाने पुसून बाहेर काढा. हवेचा मारा केला तर तोच गाळ क्रँकच्या ऑइलच्या भोकात जाऊन बसतो आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खातो. कव्हरचं पॅकिंग नवीनच घाला.

आवाज आला की टॅपेट आवळणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ऑइल डोक्यात सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून ते कमी पडलं की पहिली झीज व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरची. तिथे टकटक सुरू होते. गॅरेजात पाना फिरवून ती बंद केली जाते, गाडी गुपचूप चालते, मालक खूश. पण व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्याला जागाच ठेवली नाही तर तो सीटवर पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर जाते. बसलाच नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. ओळखायची खूण: सकाळी गाडी एका किकमध्ये चालू होते, पण तापल्यावर बंद केली की लवकर चालू होत नाही.

टॅपेट गार इंजिनावरच लावायचे, शक्यतो सकाळी. डाव्या मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही झाकणं काढा. क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून 'टी' खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खाचेसमोर आणा. दोन्ही रॉकर हाताला थोडे ढिले लागले पाहिजेत. नसतील तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. या जुन्या मॉडेलांना फट ०.०५ मि.मी.; पुढच्या मॉडेलचा आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. सिलिंडर आडवा असल्याने खालचं झाकण उघडताच ऑइल ओघळतं. खाली डबा ठेवा आणि शेवटी पातळी पाहा.

फट बरोबर आहे तरी आवाज येतो? मग वरचं झाकण काढून इंजिन आयडलवर चालवा. थोड्याच वेळात रॉकरवर ऑइल दिसलं पाहिजे. कोरडंच राहिलं तर इंजिन लगेच बंद करा आणि ऑइलचा पंप, जाळी, वाट तपासा. ऑइल येतंय पण आवाज डाव्या बाजूने साखळी घासल्यासारखा येतो, तर तो कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनचा.

कॉम्प्रेशन गेलं म्हणजे रिंगा गेल्या, असं नाही

प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून किक मारायची आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढलं तर रिंगा खराब, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे. उभ्या सिलिंडरला ती बरी. आडव्यात ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगांभोवती सारखं पसरत नाही, त्यामुळे निकाल फसवा येतो.

त्यापेक्षा हवा भरून पाहा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या 'टी' खुणेवर आणा, टॉप गिअर टाका, मागचा ब्रेक दाबून धरायला एक माणूस ठेवा, कारण हवेने पिस्टन ढकलला जातो. प्लगच्या भोकात बसणाऱ्या अडॅप्टरमधून हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. डिपस्टिकच्या भोकातून थोडी हवा येणारच. जोरात आली तर रिंगा किंवा ब्लॉक (सिलिंडर). व्हॉल्व्हचा दोष असेल तर हेडचं काम करायचं, ब्लॉकला हात लावायची गरज नाही.

धुराचंही तसंच. घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर येऊन थांबतो, किंवा रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताना भपका येतो, तर दोष व्हॉल्व्ह सीलचा किंवा गाइडचा (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिचा). चढावर ओझं घेऊन सतत निळा धूर, तर रिंगा. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. तो दिसला की आधी चोक ओढलेलाच राहिलाय का आणि एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा.

फिल्टर, जेट आणि इथेनॉल

पिकअप वाढतो म्हणून एअर फिल्टर काढून गाडी चालवणारे अजून आहेत. उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावर असं केलं तर धूळ ऑइलमध्ये मिसळून घासपेस्ट होते. जुना फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइल लावून घट्ट पिळून बसवायचा. तेलकट कागदी फिल्टर मात्र धुवायचाही नाही, हवेने झटकायचाही नाही, तो बदलायचा.

कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कितीही सेटिंग करा, गाडी ताळ्यावर येत नाही. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसवून किती वळसे होते ते लिहून ठेवा. आयडल साधारण १४०० आरपीएम.

फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. जेट तेच राहिल्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. घाबरून जेट बदलत सुटण्याआधी रबर तपासा: पेट्रोलची नळी, फ्लोट नीडलचं टोक, कार्ब्युरेटर आणि हेडमधली ओ-रिंग. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं किंवा तडकतं. ओ-रिंगमधून हवा ओढली गेली तर पातळ मिश्रण आणखी पातळ होतं. गरम झाल्यावर आयडल आपोआप चढू लागलं तर संशय तिथेच घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालच्या स्क्रूने वाटी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

ब्लॉकचं काम खरंच निघालं तर

झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे वाया. बोअर अंडाकृती झालेला असतो, गोल रिंग त्यात बसणार कशी? जुनी रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट मोजा. ०.५ मि.मी.च्या पुढे असेल तर रिंग गेली. नवी रिंग घालूनही फट तेवढीच दिसली तर बोअर गेला. मग बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन. पिस्टन आधी घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो पिस्टन मोजूनच बोअर करेल.

बोअरिंगनंतर ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने ब्रश मारून धुवा. नुसत्या पेट्रोलने होनिंगची (बोअर घासून गुळगुळीत करण्याची) भुकटी निघत नाही. पांढरं कापड फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे. मग लगेच ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. रिंगांवरची अक्षरं वरच्या बाजूला, तोंडं १२० अंशांवर, पिस्टनवरची 'आयएन' खूण इनटेककडे, पिस्टनची पिन धरणारी सर्क्लिप नवीन. हेडचे नट फुलीसारखे, दोन-तीन टप्प्यांत आवळा. तांब्याचा वॉशर ज्या नटाखाली होता तिथेच परत गेला पाहिजे, नाहीतर ऑइल झिरपतं. ब्लॉक उघडलाच आहे तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. बाजूचा थोडा खेळ चालतो, वर-खाली खेळ हाताला जाणवताच कामा नये. पहिले ५०० किलोमीटर ओझं नको, एकाच वेगात रेटणं नको, आणि त्यानंतर ऑइल बदला.

आरएक्स १०० चं दुखणं वेगळं

यामाहाची १९९६ पर्यंत बनलेली ही ९८ सीसी टू-स्ट्रोक. तिच्यात टॅपेट नाहीत, व्हॉल्व्ह सील नाहीत. तिचा पिस्टन पकडतो तो बहुधा ऑइल न पोचल्याने किंवा मिश्रण पातळ झाल्याने. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील फाटलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, आयडल चढतं आणि इंजिन तापून जाम होतं. क्लचच्या बाजूचं फाटलं तर गिअर ऑइल ओढलं जातं: पांढरट दाट धूर आणि गिअर ऑइलची पातळी खाली. दोन्ही वेळा लोक कार्ब्युरेटरलाच दोष देत बसतात. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडा मारला तर क्रँक वाकडी होते.

टूटी (टू-स्ट्रोक) ऑइलची टाकी एकदा रिकामी झाली की पंपाच्या नळीत हवा अडकते. नंतर टाकी काठोकाठ भरली तरी पंप ऑइल देईलच असं नाही. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, मग आवळा. पुढच्या नळीत ऑइल भरलेलं दिसेपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला ३० मि.ली. टूटी ऑइल मिसळून चालवा.